कलनाच्या वाटेवरचे बीजगणित

रायपूरच्या शाळांत अकरावीचे वर्ष सरत येते तेव्हा ‘सीमा आणि अवकलज’ हे प्रकरण सुरू होते. शाळा छत्तीसगढ मंडळाची असो की केंद्रीय मंडळाची, गणिताचे पुस्तक एनसीईआरटीचेच असते. बारावीत त्यापुढे सातत्य, अवकलजांचे उपयोग, समाकलन, अवकल समीकरणे अशी प्रकरणे ओळीने लागतात. १९५६ साली खाण व धातुविज्ञान महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेल्या आणि २००५ साली एनआयटी झालेल्या संस्थेत प्रवेश मिळो, किंवा १९६४ सालापासूनच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला, पहिल्या वर्षी हाच विषय आणखी खोलात शिरून समोर येतो. या टप्प्यावर मुलाचे किंवा मुलीचे गाडे अडले की तात्यापाऱ्यातल्या, चौबे कॉलनीतल्या घरांत निदान ठरलेले असते : कॅल्क्युलस अवघड जातंय. माझे म्हणणे असे की हे निदान बहुतेक वेळा चुकते. विद्यार्थी अडतो तो आठवी-नववीच्या बीजगणितात. फरक इतकाच की त्या वेळी ज्या चुकीने एक गुण जात होता, तीच चूक आता अख्खे उत्तर बुडवते. निदान चुकले की उपायही चुकतो. कोणी सूत्रांचा तक्ता पाठ करून घेतो, तर कोणी कलन (कॅल्क्युलस) बाजूला ठेवून बीजगणित पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करतो. या दोन्ही उपायांपेक्षा चांगला तिसरा उपाय आहे.

आधी निदान तपासू. त्यासाठी बारावीच्या पुस्तकातलेच प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १८ सेंटिमीटर बाजूच्या चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापायचे, उरलेल्या कडा वर दुमडायच्या आणि झाकणाविना डबा करायचा. डब्याचे घनफळ सर्वांत जास्त व्हायला कापायच्या चौरसाची बाजू किती हवी? ती बाजू क्ष मानली तर तळाची बाजू १८ − २क्ष, उंची क्ष आणि घनफळ क्ष(१८ − २क्ष)². शब्दांतून हे सूत्र उभे करणे हेच पहिले बीजगणित. पुढे वर्गाचा विस्तार केला की ४क्ष³ − ७२क्ष² + ३२४क्ष येते. हे दुसरे बीजगणित. आता अवकलन करायचे : १२क्ष² − १४४क्ष + ३२४. ही एक ओळ कलनाची. मग ती शून्याबरोबर मांडायची, १२ सामाईक काढायचे, क्ष² − १२क्ष + २७ चे अवयव पाडून (क्ष − ३)(क्ष − ९) मिळवायचे. क्ष = ९ घेतला तर सगळा पत्राच कापला जातो, म्हणून ते उत्तर सोडायचे आणि क्ष = ३ ठेवून घनफळ ४३२ घन सेंटिमीटर काढायचे. शेवटी दुसऱ्या अवकलजाने हे घनफळ सर्वांत जास्तच आहे याची खात्री करायची. आठ-नऊ पायऱ्यांच्या या उत्तरात कलनाची कल्पना तीन ठिकाणी आली : अवकलज काढताना, महत्तम बिंदूवर तो शून्य का असतो हे समजून घेताना, आणि शेवटी दुसऱ्या अवकलजाने खात्री करताना. बाकी सारे काम दहावीपर्यंतच्या बीजगणिताचे आहे. ज्या विद्यार्थ्याला (१८ − २क्ष)² चा विस्तार नीट येत नाही, तो या गणितात कलनापर्यंत पोचतच नाही. तरी ‘अवकलजांचे उपयोग जमत नाहीत’ असा शेरा मात्र त्याच्या माथी बसतो.

या चुका कोठल्या, हेही गुपित नाही. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात बरीच वर्षे अवयवांच्या प्रकरणाला जोडून ‘चूक शोधा’ असा एक भाग होता. कंसाचा वर्ग करताना मधले पद गाळणे, अंशातल्या एकाच पदाला छेदाशी काट मारणे, सगळे काटले गेल्यावर १ ऐवजी ० लिहिणे, अशा चुका त्यात मांडल्या होत्या. पुस्तक लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की या चुका हलगर्जीपणातून होत नाहीत. त्यांच्यामागे एक समजूत असते : बेरजेवर केलेली कोणतीही क्रिया प्रत्येक पदावर वेगवेगळी करता येते. गुणाकाराच्या बाबतीत ही समजूत खरी आहे, म्हणून ती मनात घट्ट बसते. मग विद्यार्थी तीच वर्गाला, वर्गमुळाला आणि व्यस्ताला लावतो. आता हीच समजूत कलनात घेऊन गेल्यावर काय होते ते पाहू. क्ष² चा अवकलज मूळ व्याख्येवरून काढायचा आहे. (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करायचे, ह ने भागायचे आणि ह ला शून्याकडे न्यायचे. विद्यार्थ्याने (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असे लिहिले, तर वजाबाकीनंतर ह² उरते, भागाकारानंतर ह उरतो आणि सीमा येते शून्य. म्हणजे क्ष² चा आलेख सगळीकडे सपाट! ५ चा वर्ग २५ आणि ६ चा वर्ग ३६ हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे उत्तर खोटे असल्याचे तत्काळ कळायला हवे. गाळलेले २क्षह हे पद हाच तर सगळा अवकलज आहे. आठवीत जे मधले पद लक्षात ठेवायची सक्ती वाटत होती, तेच पद वक्राला चढ देते.

यापेक्षा घातक प्रकार वेगळा आहे, कारण तो दिसत नाही. समजा, विस्तार बरोबर झाला आणि विद्यार्थ्याने २क्षह + ह² ही राशी ह ने भागताना पहिल्याच पदाला काट मारली. त्याच्या वहीत २क्ष + ह² असे येईल, जे खरे तर २क्ष + ह हवे. आता ह शून्याकडे नेला की ह² ही शून्याकडे जातो आणि उत्तर येते २क्ष. अगदी बरोबर! तपासणारा शेवटची ओळ पाहून खूण करतो आणि विद्यार्थी आपली रीत पक्की झाली असे मानून पुढे जातो. क्ष³ ला हीच चूक केली तरी उत्तर ३क्ष² च येते. चूक करूनही बक्षीस मिळत राहते. मग बारावीत समाकलनात (क्ष² + १) भागिले क्ष अशी राशी येते. जुन्या सवयीने तो तिचे क्ष + १ करतो आणि समाकलन क्ष²/२ + क्ष लिहितो. खरी राशी क्ष + १/क्ष असते आणि तिच्या समाकलनात लॉगॅरिदम येतो. आता चूक उघडी पडते, पण तिचे मूळ वर्षभर मागे असल्याने दोष समाकलनावर जातो. शिकवणाऱ्यांनी अंतिम उत्तराऐवजी मधल्या ओळी वाचल्या पाहिजेत, या आग्रहाला याहून चांगला पुरावा नाही.

वर्गमुळाचेही तसेच. √क्ष चा अवकलज काढताना √(क्ष + ह) म्हणजे √क्ष + √ह असे धरले, तर वजाबाकी आणि भागाकारानंतर १/√ह उरते आणि ह लहान होत गेला की ते अमर्याद वाढते. म्हणजे वर्गमुळाचा आलेख प्रत्येक बिंदूवर उभा! बरोबर वाट नववीतून जाते. तिथे छेदाचे परिमेयीकरण शिकवलेले असते. इथे अंशाचे परिमेयीकरण करायचे : √(क्ष + ह) + √क्ष या अनुबद्ध राशीने वर आणि खाली गुणायचे. अंशात नुसता ह उरतो, तो छेदातल्या ह शी जातो आणि सीमा येते १/(२√क्ष). नववीत ही रीत शिकताना ‘छेदात वर्गमूळ नको’ एवढेच कारण कानावर पडलेले असते. हा सगळा खटाटोप कशासाठी, हे तेव्हा कोणी सांगत नाही. कलनात ते कारण मिळते : शून्य भागिले शून्य अशी अडलेली राशी मोकळी करण्यासाठी. (क्ष² − ४)/(क्ष − २) चे अवयव पाडणे, १/(क्ष + ह) − १/क्ष ला समान छेद देणे, या साऱ्यांचा हेतू हाच.

बीजगणित आणि कलन यांचे हे नाते अभ्यासक्रमाने जुळवलेले नाही. इतिहासातही ते असेच घडले. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पॅराबोलाच्या छेदाचे क्षेत्रफळ काढले, पण अक्षरांचे बीजगणित हाताशी नसल्याने प्रत्येक आकृतीसाठी वेगळी युक्ती लढवावी लागे. १५९१ साली व्हिएतने ज्ञात आणि अज्ञात दोन्ही राशी अक्षरांनी लिहायला सुरुवात केली. १६३७ साली देकार्तने वक्रांना समीकरणे दिली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत न्यूटनची टिपणे तयार होती आणि १६८४ साली लायब्निट्झचा लेख छापून आला. जे हजारो वर्षे प्रतिभावंतांच्या हातचे होते, ते अक्षरांची भाषा येताच शंभरेक वर्षांत नियमबद्ध रीत बनले. न्यूटनच्या शोधाचा आरंभही द्विपद प्रमेयापासून झाला, आणि तेच प्रमेय आजही अकरावीच्या पुस्तकात सीमांच्या आधी येते.

आपल्या परंपरेतली साक्ष न्यूटनच्या काळाहून जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. त्यांच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तीनने गुणले आणि शून्याने भागले तर ६३ येतात, ती संख्या कोणती? उत्तर १४. नुसत्या अंकगणिताने पाहिले तर पहिल्याच पायरीला सारे शून्य होऊन बसते. पण शून्याने गुणलेले पद लगेच पुसायचे नाही, पुढची क्रिया शिल्लक असेल तर तो गुणक तसाच ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. त्याप्रमाणे संख्येची साडेचारपट म्हणजे ६३, आणि संख्या १४. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग असल्याचेही ते सांगतात. ग्रहाची एखाद्या क्षणीची गती काढताना त्यांना अशा राशी हाताळाव्या लागत. आजच्या काटेकोर दृष्टीने शून्याने भागणे मान्य होणार नाही. त्या जागी आपण शून्य नसलेला ह ठेवतो, काट मारतो आणि नंतर सीमा घेतो. पण क्रियांचा क्रम तोच आहे : आधी बीजगणिताने राशी साधी करा, शून्याकडे सगळ्यात शेवटी जा. नवखे विद्यार्थी नेमके उलटे करतात. ते पहिल्याच ओळीत ह च्या जागी शून्य ठेवतात आणि ०/० पाहून थांबतात.

एकोणिसाव्या शतकात दिल्ली कॉलेजातले मास्तर रामचंद्र यांनी याच नात्यावर एक पुस्तकच उभे केले. १८५० साली कलकत्त्यात छापलेल्या त्या पुस्तकात महत्तम-लघुतमाची उदाहरणे अवकलनाविना, केवळ बीजगणिताने सोडवली होती. इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांना ते इतके मोलाचे वाटले की १८५९ साली त्यांच्या देखरेखीखाली ते लंडनला पुन्हा छापले गेले. रीत अशी : लांबी-रुंदीची बेरीज २० असलेल्या आयताचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? क्ष(२० − क्ष) = र असे मांडा आणि वर्गसमीकरण सोडवा. क्ष = १० ± √(१०० − र). मुळाखाली ऋण संख्या चालत नाही, म्हणून र १०० च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि र = १०० असताना क्ष = १०, म्हणजे चौरस. आपल्याकडे बीजगणिताची परंपरा जुनी आहे, तिच्याच आधाराने विद्यार्थ्याला नव्या गणितापर्यंत नेता येईल, ही रामचंद्रांची धारणा होती. मराठीतही कलन उशिरा आले नाही. १८४६ साली निवर्तलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धी’ हा अवकलनावरचा ग्रंथ मराठीत लिहून ठेवला होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. खरी अडचण सीमेच्या कल्पनेची आहे, बीजगणित हे वरवरचे निमित्त, असे म्हटले जाते. १७३४ साली तत्त्वज्ञ बर्कलेने न्यूटनच्या अनुयायांना विचारले होते की ज्या राशीने भागता, तिलाच पुढे शून्य कसे म्हणता. त्याचे समाधानकारक उत्तर कोशीच्या १८२१ सालच्या ग्रंथापासून पुढे हळूहळू मिळत गेले. शंभर वर्षे मोठमोठ्यांना जे नीट मांडता आले नाही, ते अकरावीतल्या मुलांना एका तासात उमगावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, हे मी मान्य करतो. पण बर्कलेचा प्रश्न नेमका कोठे उभा राहतो ते पाहा. तो उभा राहतो ह ला ह ने काट मारण्याच्या ओळीवर. काट मारता येते कारण ह शून्य नाही, आणि शून्याने भागायचे नाही हा बीजगणिताचाच नियम आहे. ज्याने हा नियम आठवीत कारणासह समजून घेतला, त्याला सीमेची गरज आपोआप जाणवते. ज्याच्या लेखी काट मारणे म्हणजे वरचे-खालचे सारखे चिन्ह खोडणे, त्याला बर्कलेची शंका येतच नाही, आणि शंकाच आली नाही तर सीमेची कल्पना कशाचे उत्तर आहे हेही कळत नाही. म्हणजे कल्पनेची वाटही बीजगणितातूनच जाते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : पाया कच्चा असेल तर आधी पाया पक्का करा, कलन नंतर. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण दोन कारणांनी पटत नाही. एक, आठवी ते दहावीचे सगळे बीजगणित पुन्हा करायला जितका वेळ लागेल, तितका अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याकडे नसतो, आणि त्यातले सगळे लागतही नाही. कलनाला रोज लागणारी हत्यारे मोजकी आहेत : वर्ग-घनांचा विस्तार, अवयव पाडणे, अपूर्णांकांना समान छेद देणे आणि योग्य काट मारणे, ऋण व अपूर्णांकी घातांक, परिमेयीकरण, वर्गसमीकरण आणि पूर्ण वर्ग करणे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हेतूविना शिकवलेले बीजगणित एकदा विसरले गेले आहे, ते त्याच रीतीने पुन्हा शिकवले तर पुन्हा विसरले जाईल. १/क्ष² म्हणजे क्ष चा घातांक उणे दोन, हे आठवीत एक लिहिण्याची पद्धत म्हणून येते. अवकलनात तेच लिहिले की घातांकाचा नियम लागू होऊन −२/क्ष³ एका ओळीत मिळतो. ज्या दिवशी एखादे हत्यार कामाला येते, त्या दिवशी ते शिकायला मन तयार असते. म्हणून कलन चालू ठेवावे आणि जिथे पाऊल अडेल तिथल्या तिथे बीजगणिताची दुरुस्ती करावी.

आजचा आणखी एक आक्षेप : संगणक आणि मोबाइल अवयवही पाडतात, समाकलनही करतात, मग हाताने कशाला? परीक्षेत ही साधने नसतात, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. यंत्राला राशी द्यावी लागते, आणि पत्र्याच्या डब्याची राशी शब्दांतून माणसालाच उभी करावी लागते. आलेले उत्तर पटण्यासारखे आहे का, क्ष = ९ का सोडायचा, हेही माणसालाच ठरवावे लागते. समाकलनात तर राशीचा चेहरा ओळखणे हेच निम्मे काम. क्ष² + ६क्ष + १३ मध्ये (क्ष + ३)² + ४ दिसणारी नजर यंत्र उसनी देत नाही. रायपूरमध्ये माध्यमाचाही मुद्दा निघतो. बस्तर-सरगुजाकडून हिंदी माध्यमात शिकून आलेली मुले, घरी मराठी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुले, पहिल्या वर्षी एकदम इंग्रजी पुस्तकांना सामोरी जातात. हा ताण खरा आहे आणि शब्दांत मांडलेली उदाहरणे त्याने नक्कीच अवघड होतात. पण (क्ष + ह)² चा विस्तार चुकतो तो कोणत्याही माध्यमात सारखाच चुकतो. माध्यमाला दोष देऊन ही दुरुस्ती पुढे ढकलली, तर भाषा जमल्यावरही चूक तशीच उभी राहते.

मग करायचे काय? कलनाचे उदाहरण चुकले की उत्तरसूचीशी जुळवून पान उलटू नका. वहीत ओळीमागून ओळ तपासा आणि चुकीची पहिली ओळ शोधा. ती ओळ कलनाची आहे की बीजगणिताची, हे समासात लिहा. बीजगणिताची असेल तर क्ष ला २ आणि ह ला १ अशा साध्या किमती देऊन पाहा : (२ + १)² म्हणजे ९, आणि २² + १² म्हणजे ५. चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की ती पुन्हा सहसा होत नाही. मग त्याच जातीची चार-पाच उदाहरणे जुन्या पुस्तकातून काढून सोडवा आणि कलनाकडे परत या. शिक्षकांना विनंती आहे की गुण देताना मधल्या ओळी वाचा आणि सीमांचे प्रकरण सुरू करण्याआधी परिमेयीकरण, अवयव आणि अपूर्णांक यांना दोन तास द्या, पण ते कशासाठी लागणार आहेत हे सांगून द्या. पालकांनी ‘हिला कॅल्क्युलस झेपत नाही’ हा निकाल देण्याआधी वहीतली चुकलेली ओळ पाहावी. बहुतेक वेळा ती ओळ आठवीच्या पुस्तकातली निघेल, आणि आठवीच्या पुस्तकातली ओळ सतराव्या वर्षी दुरुस्त करणे कोणालाही जमते.